कढईपूरचा हवामापक बगळा

एका जंगलात, मुलांनो, एक नगरपालिका होती. जंगलात नगरपालिका कशी, असं विचारू नका. गवत कसं उगवलं असं आपण विचारतो का? तशीच तीही उगवली होती.

गावाचं नाव कढईपूर. तिन्ही बाजूंनी उंच डोंगर, मध्ये खोलगट तळ आणि पश्चिमेच्या बाजूला एक खिंड. तळाशी नदी वाहायची. नदीकाठी रानडुकरांच्या वीटभट्ट्या होत्या आणि भट्ट्यांच्या आजूबाजूला बाकीचं गाव.

पावसाळ्यात त्या खिंडीतून वारा असा घुसायचा, की वानरांना फांदीबरोबर स्वतःची शेपटीही धरून बसावं लागे. धो धो पाऊस पडायचा. ओल्या मातीच्या विटा पडत नाहीत, म्हणून भट्ट्या बंद असायच्या. धूर नाही, धूळ नाही. श्रावणात कढईपूरची हवा इतकी स्वच्छ असे, की समोरच्या डोंगरावर भेकर कुठलं पान खातंय तेही नदीवरून दिसायचं.

हिवाळ्यात मात्र वारा खिंडीकडे फिरकत नसे. सूर्य कलला की डोंगरमाथ्यावरची गार हवा उतारावरून घसरत खाली यायची आणि तळाशी बसून राहायची. जड हवा ती, उठायचं नाव घेत नसे. तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडायचं. मग भट्ट्यांचा धूर, वानरांनी जाळलेला पालापाचोळा, घरोघरच्या शेकोट्या, असं सगळं त्या झाकणाखाली साचत जायचं. तुमची आई कढईवर झाकण ठेवून भाजी शिजवते ना, तसंच. इथं भाजीच्या जागी गावकरी होते.

ही गोष्ट गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. त्यामुळे तिच्याबद्दल कोणी बोलत नसे.

नगराध्यक्ष होते दाताळेसाहेब. म्हणजे रानडुक्कर. गावातल्या बहुतेक भट्ट्या त्यांच्या आणि उरलेल्या त्यांच्या मेहुण्यांच्या. ते दरवर्षी मृग लागायच्या आदल्या दिवशी 'स्वच्छ हवा अभियान' सुरू करायचे. नारळ फोडायचे, भाषण ठोकायचे. दुसऱ्या दिवशी ढग यायचे आणि आठवडाभरात हवा लख्ख व्हायची. दाताळेसाहेबांचा सत्कार व्हायचा.

दिवाळीनंतर हवा बिघडली, की दाताळेसाहेब डोंगरांकडे बोट दाखवायचे. एका वर्षी तर पालिकेनं तिन्ही डोंगरांना नोटीस काढली. 'आपण वाऱ्याच्या रहदारीस अडथळा करीत आहात, मुदतीत हटावे.' मुदत संपली, डोंगरांकडून उत्तर आलं नाही. तेव्हा 'डोंगरांना आरोप मान्य आहे' असा ठराव झाला आणि सगळे सभासद चहा प्यायला गेले.

आता ही गोष्ट ज्याची आहे, त्याच्याकडे येऊ.

हवा मोजायची तर माप पाहिजे. कढईपुरात त्याची जुनी रीत होती. सकाळी चौकातल्या दगडावर एक बगळा उभा करायचा आणि संध्याकाळी त्याचा रंग बघायचा. शुभ्र राहिला तर हवा 'दूध'. मळकट झाला तर 'ताक'. करडा पडला तर 'राख'. मग पालिकेचं भेकर चौकात येऊन निकाल पुकारायचं. सलग काही दिवस राख निघाली, तर भट्ट्या थंड करायच्या, असा जंगलाच्या राजाचा नियम होता.

पालिकेचा हा हवामापक बगळा म्हणजे पांडबा.

पांडबाला आपल्या नोकरीचा फार अभिमान. पगार म्हणून रोज एक मासा, सणासुदीला वाम. काम काय, तर एका पायावर उभं राहायचं. ते तर तो रविवारीही करायचा. श्रावणात राजाचे निरीक्षक यायचे, पांडबाचा दुधासारखा रंग बघायचे आणि 'सर्वांत निर्मळ नगरी' म्हणून कढईपूरला सोन्याचं पिंपळपान द्यायचे. सत्काराला दाताळेसाहेबांच्या शेजारी पांडबा उभा असायचा, गळ्यात हार घालून. आपण पांढरे आहोत म्हणून गाव स्वच्छ आहे, असं त्याला पहिल्याच सत्कारापासून वाटायला लागलं होतं.

त्यामुळे नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात, एका संध्याकाळी त्यानं नदीच्या पाण्यात स्वतःला बघितलं, तेव्हा तो हादरला. पाण्यात एक करडा पक्षी उभा होता. पांडबाच्या मनात आलं, आपणच कुठंतरी कमी पडलो. बगळ्याच्या जातीत पांढरेपण म्हणजे अब्रू. कुणी मुंडकं छाटलं तरी चालेल, पण मळका म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो पालिकेमागच्या तळ्यात गेला आणि चोळून चोळून आंघोळ करून परत दगडावर उभा राहिला. संध्याकाळी भेकर ओरडलं, "आजची हवा दूध हो, दूध."

हवा खात्याचे प्रमुख खवलेकरसाहेब खिडकीतून हे बघत होते. ते खवलेमांजर होते. अवघड प्रसंग आला की अंगाचं वेटोळं करून गोळा व्हायचं, ही त्यांची कामाची पद्धत. त्यांनी पांडबाला बोलावून घेतलं.

"पांडबा," साहेब म्हणाले, "कर्मचाऱ्यानं स्वच्छ राहावं. एवढंच मी म्हणेन."

"साहेब, पण दुपारी आंघोळ केली तर मोजणीला..."

तोवर साहेबांचा गोळा झाला होता. पांडबा थोडा वेळ थांबला आणि निघून आला.

तेव्हापासून दुपारची आंघोळ हा नियमच झाला. पौषातही दूध, माघातही दूध. भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या. गावकरी डोळे चोळत, खोकत चौकात यायचे, निकाल ऐकायचे आणि समाधानानं खोकत घरी जायचे.

पांडबाची बायको होती तान्हूबाई. जिभेनं तिखट, मनानं मायाळू. त्यांचं घरटं नदीकाठच्या करंजावर होतं, भट्ट्यांच्या अगदी नाकासमोर. दिवसभर ती तिथं असायची. तिला कोणी दुपारी आंघोळ घालायला येत नव्हतं, आणि घातली असती तरी छातीच्या आत पाणी कसं पोचणार?

यंदा मार्गशीर्षात तिला खोकला लागला. आधी सकाळचा, मग संध्याकाळचा, मग सगळ्या दिवसाचा.

"अवो," ती एकदा म्हणाली, "डोंगराच्या माथ्यावर तळं हाय म्हणं. पाणकोंबडी सांगत हुती. तिथली हवा चांगली हाय. जाऊ या का?"

"आणि नोकरी?" पांडबा म्हणाला. "कायम झालोय मी. असं सोडून जाता येतं का?"

"मग कवा जायचं?"

"होळी होऊ दे. वारा सुटला की बरं वाटंल तुला."

"होळीपातूर माझ्यात डोंगर वलांडायचं बळ राहिलं पायजे ना. आता करंजावरनं उंबरावर जायचं तर मधी टेकायला लागतंय मला."

खरं सांगायचं तर पांडबाला भीती वाटली होती. तान्हूबाई उंबरापर्यंत एका दमात जात नाही, हे त्यानं बघितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा चौकात जाऊन उभा राहिला. कायम नोकरी सोडवत नाही, मुलांनो. मोठे झालात की कळेल.

शेवटी त्यानं वैद्याला बोलावलं. गावचे वैद्य म्हणजे एक म्हातारं अस्वल. वैद्यबुवा धापा टाकत करंजावर चढले. तान्हूबाईची नाडी बघितली, छातीला कान लावला. आतून भाता फुटल्यासारखा आवाज येत होता.

"छाती भरलीय," वैद्यबुवा म्हणाले. "असं धुरानं होतं." मग त्यांनी मान वळवून पांडबाकडे निरखून बघितलं. पांडबा नुकताच कामावरून आला होता. करंजाच्या हिरव्या पानांत तो चांगला उठून दिसत होता.

"पण धूर कुठला?" वैद्यबुवा म्हणाले. "हवा तर दूध आहे. म्हणजे दोष हवेचा नाही. बाई, तुम्ही विचार फार करता. मनाचा खोकला आहे हा. मध चाटा आणि आनंदी राहा." एवढं बोलून त्यांना स्वतःलाच ढास लागली. फांदी धरून ते बराच वेळ खोकले. "माझाही मनाचाच आहे," ते उतरताना म्हणाले.

वैद्य गेले. पांडबा खाली मान घालून उभा राहिला. तान्हूबाई भांडेल, असं त्याला वाटलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्यांची चूक न्हाई," ती म्हणाली. "त्यांनी तुमच्याकडं बघितलं."

दुपारच्या आंघोळीचं तिला पहिल्यापासून माहीत होतं. तळ्यातल्या शेवाळाचा वास रोज त्याच्या पंखांना यायचा. नवऱ्याची अब्रू म्हणून ती इतके दिवस गप्प होती. पांडबाला त्या क्षणी स्वतःच्या पांढऱ्या अंगाची लाज वाटली, पहिल्यांदाच.

आता झालं काय, की यंदा श्रावणात राजाचे निरीक्षक आलेच नव्हते. निरीक्षक म्हणजे सोंडेकरसाहेब, हत्ती. दरवर्षी कोवळ्या गवताच्या दिवसांत ते दौरा काढायचे. यंदा ऐन श्रावणात त्यांचा सुळा दुखायला लागला आणि दौरा पुढं गेला. तो नेमका पौषात निघाला. सोंडेकरसाहेब उद्याच येणार, असा निरोप वैद्य येऊन गेले त्याच संध्याकाळी आला. गावात धावपळ उडाली. दाताळेसाहेब स्वतः करंजाखाली आले.

"पांडबा, उद्या दोनदा आंघोळ करायची," ते वर बघून म्हणाले. "गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. पिंपळपान राहिलं पाहिजे."

"साहेब, भट्ट्या उद्यापुरत्या थंड करता येतील का? बायको आजारी आहे."

"अहो, पेटलेली भट्टी मधेच थंड केली तर सगळा लॉट कच्चा राहतो. बायकोला मध द्या." दाताळेसाहेबांना सगळ्या घरांची काळजी असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडबा दगडावर उभा राहिला. निरीक्षकसाहेब मांडवात बसले होते. दुपारची सुट्टी झाली. खवलेकरसाहेबांनी खिडकीतून तळ्याकडे बघून दोनदा घसा खाकरला. पांडबा जागचा हलला नाही. दाताळेसाहेबांनी लांबून हातवारे केले. पांडबानं दुसरा पाय खाली घेतला आणि दोन्ही पाय दगडावर घट्ट रोवले.

धुरानं आपलं काम केलं. आधी पाठ मळली, मग मान, मग पोट. लोक गोळा व्हायला लागले. पांडबाला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. त्याला करंज दिसत होता, आणि करंजावरची तान्हूबाईही. ती आपल्याकडे बघतेय की डोळे मिटून पडलीय, हे मात्र धुरातून कळत नव्हतं.

संध्याकाळी सोंडेकरसाहेब दगडापाशी आले. त्यांनी सोंड पुढं करून पांडबाच्या पाठीवरून फिरवली. सोंडेला काजळी लागली. भेकरानं तोंड उघडलं, दाताळेसाहेबांकडे बघितलं आणि मिटलं.

"हे काय?" सोंडेकरसाहेबांनी विचारलं.

"राख आहे, साहेब," पांडबा म्हणाला. "हिवाळ्यात रोज असते. मी रोज दुपारी धुऊन टाकत होतो."

मग कोणीतरी खोकलं आणि त्याच्यामागून सगळा चौक खोकायला लागला. सोंडेकरसाहेबांनी खवलेकरसाहेबांकडे बघितलं. तिथं एक गोळा होता.

पण दाताळेसाहेब उगीच नगराध्यक्ष झाले नव्हते. ते शांतपणे पुढं आले.

"साहेब, जरा थांबा. पाणी आणा रे."

दोन वानरांनी पाण्याची घागर आणली आणि पांडबाच्या अंगावर ओतली. चौकभर काळं पाणी वाहिलं. खालून पांढराशुभ्र बगळा निघाला.

"बघितलंत?" दाताळेसाहेब म्हणाले. "घाण कुठं होती? बगळ्यावर होती. हवेत असती तर बगळा धुतल्यावर गेली असती का?"

सोंडेकरसाहेबांनी डोळे मिटून विचार केला. त्यांना या बोलण्यात चूक सापडेना. शिवाय सुळा पुन्हा ठणकायला लागला होता आणि धुरानं डोळे चुरचुरत होते. लवकर निघावं असं त्यांनाही वाटत होतं.

"मग मापक सदोष आहे म्हणायचा," ते म्हणाले.

"जुना झालाय, साहेब. आमच्याकडे नवा तयार आहे."

नवा मापक म्हणजे डोमकावळा. चोचीपासून शेपटीपर्यंत काळा कुळकुळीत, मानेवरसुद्धा करडा ठिपका नाही. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर उभं केलं. संध्याकाळी बघितलं तर जसा उभा केला होता तसाच. तसूभर फरक नाही. आदल्या दिवसापेक्षा हवेत एवढी सुधारणा सोंडेकरसाहेबांनी कुठल्याच गावात बघितली नव्हती. त्यांनी सोन्याचं पिंपळपान दिलं आणि रुमालानं डोळे पुसत निघून गेले. ते भारावले होते, असं दाताळेसाहेब नंतर सगळ्यांना सांगत.

पांडबाला 'कामावर असताना मळल्याबद्दल' काढून टाकण्यात आलं.

तो करंजावर आला. तान्हूबाई वाटच बघत होती.

"गेली नोकरी," तो म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी हसली. हसता हसता खोकली.

उडून डोंगर ओलांडण्याइतकं बळ आता तिच्यात नव्हतं. मग ती दोघं चालत निघाली. बगळ्यांनी डोंगर चढून जायचा, हे कढईपुरानं कधी बघितलं नव्हतं. वानरांनी फांद्यांवर बसून खूप चेष्टा केली. पांडबा पुढं चालायचा, झुडपं बाजूला करायचा, थांबायचा. तान्हूबाई चार पावलं टाकायची आणि बसायची. दगडाच्या आडोशाला रात्र काढायची, उजाडलं की पुन्हा चढायचं. एकदा ती म्हणाली, "तुम्ही जावा वर, मी हितंच बसते." पांडबा तिच्या शेजारी बसून राहिला. तो रडत होता, पण आपण दमलोय असं त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढता चढता धूर विरळ झाला, आणि एका खडकाच्या वर तर तो संपलाच. वर निळं आभाळ आणि कोवळं ऊन होतं. झाकण त्यांच्या पायाखाली राहिलं होतं. तान्हूबाईनं एक श्वास घेतला. मग लगेच दुसरा घेतला, पहिला खरा होता की काय ते बघायला. बराच वेळ ती नुसती श्वास घेत उभी राहिली. पांडबा तिच्याकडे बघत होता. होळीची वाट बघायला सांगितलं, म्हणून त्याला स्वतःचा फार राग आला, आणि तसं त्यानं तिला सांगितलंही.

"आता कशाला ते," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."

माथ्यावर खरंच तळं होतं. मासे होते, बेडूक होते. हळूहळू तान्हूबाईची छाती मोकळी झाली. ती तळ्याच्या या काठावरून त्या काठावर उडायला लागली. पांडबाला आपण आता किती पांढरे आहोत, हे बघायची आठवणही होत नव्हती.

होळीच्या सुमारास एक दिवस दाताळेसाहेब डोंगर चढून वर आले. सोबत खवलेकरसाहेब होते आणि पालखीत दाताळेसाहेबांच्या मंडळी. त्या फार खोकत होत्या.

"मनाचा खोकला आहे," दाताळेसाहेब म्हणाले. "वैद्यबुवांनी हवापालट सांगितलाय. म्हटलं, इथं एखादा बंगला बांधावा. झकास जागा आहे."

"बांधा की," पांडबा म्हणाला. झालं गेलं तो विसरला होता.

"पण विटा खालून वर आणायच्या म्हणजे वाहतूक परवडत नाही. म्हणून इथंच एक भट्टी घालतोय. छोटीच. बंगल्यापुरती." दाताळेसाहेबांनी तळ्याकडे हात केला. "माती काय सुरेख आहे बघा. उरलेल्या विटांत आणखी चार बंगले होतील. वस्ती वाढली की पालिका येईल. मापक लागेल. डोमकावळ्यालाही खोकला झालाय, तो दगडावर उभाच राहत नाही. तर तुम्ही परत कामावर या. कायम करतो."

पांडबानं तान्हूबाईकडे बघितलं.

"फक्त एक करा," दाताळेसाहेब म्हणाले. "सकाळी कामावर येतानाच थोडी काजळी फासून या. म्हणजे संध्याकाळी रंग सकाळचाच राहील; तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही. काय खवलेकर?"

खवलेकरसाहेबांचा गोळा झाला आणि उतार असल्यामुळे तो तळ्याच्या दिशेनं गडगडत गेला. सगळे त्याच्यामागे धावले.

"अवो," तान्हूबाई हळूच म्हणाली. "आता एका दमात किती लांब जाईन मी, बघायचंय तुम्हाला?"

तिनं पंख पसरले आणि झेप घेतली. पांडबा तिच्यामागून निघाला. तळ्यावरून एक गिरकी मारून ती दोघं निघून गेली.

कुठं गेली? मुलांनो, ते मला पक्कं ठाऊक आहे. तिथं पाणी आहे, वारा आहे आणि हिवाळ्यातही श्वास घेता येतो. पण जागेचं नाव मी सांगणार नाही. तुमच्यापैकी एखाद्याचे बाबा लगेच प्लॉट बघायला निघतील.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं, पण शक्यतो श्रावणात बोलावं. पौषात खरं बोलणाऱ्याला आधी धुतात आणि मग काढून टाकतात.